राग कुणाच्या खात्यावर?

आमची आई साताऱ्यात बायकांना गीता शिकवायची. दुसऱ्या अध्यायातली साखळी तिच्या खास आवडीची: विषयांच्या चिंतनातून आसक्ती, मग काम, क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश आणि शेवटी बुद्धिनाश. राग आवरा, पुढचं टळेल, असं ती बजावायची. तिला अल्झायमर झाला आणि साखळी उलटी फिरली. स्मृती आधी गेली, राग मागून आला.

दिवेलागण झाली की "मला घरी सोडा" सुरू व्हायचं, तेही स्वतःच्याच घरात. आंघोळीच्या वेळी तिनं तिला सांभाळणाऱ्या मावशींचा हात ओरबाडला. अशा शिव्या दिल्या की तिला त्या येतात हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. नातेवाइकांनी निकाल दिला, "मागच्या जन्मीचे भोग." मला तो साफ अमान्य आहे. गीतेतला राग तो आवरू शकणाऱ्या माणसाचा आहे. कर्माला कर्ता लागतो, हेतू लागतो. समोरची बाई कोण हेच जिला कळत नाही, तिच्या नखांचा हिशेब कोण कुठे मांडणार? शिवाय भोग म्हटलं की कारण शोधायला नको, हीच त्यातली खरी सोय.

कारण होतं. खालच्या कवळीखाली हिरडी सोलवटली होती. कवळी काढून ठेवली, डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल सुरू केलं. आरडाओरडा बराच ओसरला. नॉर्वेतल्या नर्सिंग होममधल्या ३५२ रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसलं: वेदनेवर नीट उपचार केले की अस्वस्थता कमी होते. उपचार मिळालेल्यांपैकी बहुतेकांना दिलं होतं तेही पॅरासिटामॉलच.

तरी थोडं उरलंच. एका रात्री ती गॅलरीच्या कठड्यावर चढू लागली, तेव्हा डॉक्टरांनी रिस्पेरिडोन हे अँटिसायकोटिक औषध दिलं, अगदी कमी मात्रेत. डिमेन्शिया झालेल्या वृद्धांमध्ये अशा औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, हा अमेरिकेच्या एफडीएचा २००५ चा इशाराही त्यांनी सांगितला. मी गोळी दिली. गोळी न देणं म्हणजेच अहिंसा, असं मानणाऱ्यांनी एक रात्र त्या कठड्याशी काढावी.

पुढे घरात पाहुणे यायचे होते, तेव्हा कुणीतरी सुचवलं, "आज एक जास्तीची देऊन टाक." तिथे मी नाही म्हटलं. तिची भीती उतरावी म्हणून गोळी. आमची अब्रू राखायला नव्हे. अर्थात थकलेल्या माणसाला हा फरक दर वेळी दिसतोच असं नाही, म्हणून घरात रात्रीच्या पाळ्या लावाव्या लागतात.

तुमच्याकडे असं माणूस असेल तर आधी तोंड, पोट, लघवी तपासून घ्या. गोळी लागलीच, तर सुरू करतानाच डॉक्टरांना विचारा, ती बंद कधी करायची.