कोमट पाण्यातली तितिक्षा

आमच्या नाहूरच्या सोसायटीचा तलाव पोडियमवर आहे. डोक्यावर छप्पर नाही, खोली जेमतेम चार फूट. मे महिन्यात दिवसभर तापतो आणि रात्री निवत नाही. संध्याकाळच्या बॅचला मी थर्मामीटर बुडवते तेव्हा पारा 33 वर असतो. जागतिक स्पर्धांना 25 ते 28 अंशांचं पाणी लागतं.

पोरं सुरुवातीला खूश असतात. ‘मॅडम, आज गिझर लावलाय!’ पुढे त्यांची तक्रार ऐकूच येत नाही. कुणी लॅप मोजायचं विसरतं, कुणाची टर्न हुकते, एखादी हुशार पोरगी भिंतीला धरून नुसती बघत राहते.

मी सेट थांबवला की कमिटीतले एक आजोबा खुर्चीवरून म्हणतात, “ताई, सोसू द्या की पोरांना. गीता काय सांगते?” त्यांचा रोख दुसऱ्या अध्यायातल्या चौदाव्या श्लोकावर असतो: थंडी-ऊन, सुख-दुःख येतं आणि जातं, ते सोस. हे सोसणं म्हणजेच तितिक्षा. आजोबा रोज पारायण करतात, मी करत नाही. तरी मला इथे वाद घालावासा वाटतो.

शीत आणि उष्ण आपण एका दमात म्हणतो. पोहणाऱ्याच्या बाबतीत मात्र ती जोडी जुळत नाही. माझं माहेर वाईकडचं. पौषात विहिरीत उडी मारली की दात वाजायचे, ओठ निळे पडायचे, आणि शरीरच बाहेर हाकलायचं. गरम पाणी असं काही सांगत नाही. जमिनीवर घाम वाळतो आणि अंग निवतं. पाण्यात घाम वाळणार कुठे? अंगातली उष्णता पाण्यातच जायला हवी, आणि पाणी कातडीइतकंच तापलेलं असेल तर ती जात नाही. स्नायू तर उष्णता तयार करतच राहतात. मग आधी मंदावतं ते डोकं, म्हणजे ‘आता पुरे’ हे ठरवणारंच.

वेदान्तात साधनांचा क्रम लावलाय, त्यात विवेक सर्वांत आधी येतो. तितिक्षा येते पुढे, शमादी सहा गुणांमध्ये. तापलेल्या पाण्यात विवेकच आधी वितळतो. मागे उरतं ते नुसतं सोसणं. त्याला तितिक्षा म्हणायला माझी जीभ वळत नाही. सतराव्या अध्यायात हट्टाने स्वतःला छळून केलेल्या तपाला तामस म्हटलंय. आजोबा तिथपर्यंत येत नाहीत.

ऑक्टोबर 2010 मध्ये अमिरातीत फुजैराला 10 किलोमीटरच्या खुल्या पाण्यातल्या शर्यतीत फ्रॅन क्रिपेन हा 26 वर्षांचा अमेरिकन जलतरणपटू मरण पावला. पाणी फार गरम होतं. तो पट्टीचा पोहणारा होता, सोसण्यात कुणाला हार जाणारा नव्हता. पुढे नियम आला: पाणी 31 अंशांच्या वर असेल तर शर्यत नाही.

विनोबांनी गीताप्रवचनं दिली ती 1932 साली, धुळ्याच्या तुरुंगात, फेब्रुवारी ते जून, दर रविवारी. साने गुरुजींनी ती लिहून घेतली. खानदेशचा उन्हाळा! तिथल्या श्रोत्यांना उठून कुठे जायची सोय नव्हती. त्यांच्या सोसण्यापुढे मी हात जोडते. माझ्या पोरांना मात्र शिडी आहे, आणि शिडी असताना सोसायचं तर कुणासाठी, कशासाठी, हे आधी विचारायला हवं. अकरा वर्षांच्या मुलाला ते विचारून उपयोग नाही, कारण मॅडमसमोर तो ‘जमतंय’ असंच म्हणणार. म्हणून ते मी ठरवते: 31 च्या वर लांबचे सेट बंद, फक्त टर्न आणि छोट्या किक, काठावर पाण्याच्या बाटल्या, आणि लाल चेहरा दिसला की बाहेर.

“मग ही पोरं सोसायला शिकणार कधी?” आजोबा विचारतात.

जानेवारीत, आजोबा. याच तलावात पहिल्या लॅपला सगळी किंचाळतात, तेव्हा मी शिडी अडवून उभी असते.