आधार घेताना



गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेलं माणूस जिना कसं चढतं, पाहिलंय? चढताना चांगला पाय आधी. उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. हात कठड्यावर. उभा जन्म जे जिने चढले, ते पुन्हा बालवर्गात बसतात. आधार घ्यायला शिकावं लागतं.

तयारी तशी आधीच सुरू होते. मांडीचे स्नायू बळकट करायचे. किडक्या दाताकडे वेळीच बघायचं, कारण तिथले जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतात. घरातली सरकणारी पायपुसणी उचलायची. हे सगळं माणसं हौसेनं करतात. अडतं ते पुढे. शस्त्रक्रिया झाली की बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात, आणि आजी म्हणतात, "नको गं बाई, लोक काय म्हणतील?" जन्मभर दुसऱ्यांना वाढलं. आता कुणी पाण्याचा पेला हातात दिला, तरी संकोच.

श्रोतेहो, देण्याला आपण पुण्य म्हणतो. घेण्याला मात्र कमीपणा. पण मोकळ्या मनानं घेणं हाही देणाऱ्याचा मानच आहे. आधार घ्यायला शिकावं लागतं.

आणि हो, आधार देणाऱ्यांनो, गुडघ्याखाली मऊ उशी सारण्याची माया आवरा. त्यानं गुडघा वाकलेलाच राहतो. "आज राहू दे व्यायाम," असंही म्हणू नका. डॉक्टरांनी सांगितलेली दुखण्याची गोळी व्यायामाआधी वेळेवर दिली ना, तेवढं बघा.