अग्रपूजेचा मान कोणास?

अमेरिकेतील हिप-हॉप गीतांच्या रसिकांत सर्वश्रेष्ठ शब्दप्रभू कोण, हा वाद अखंड चालू असतो. कोणी राकिमला अग्रपूजेचा मान देतो, कोणी नासला, तर कोणी २०१८ साली पुलित्झर पारितोषिक मिळविणाऱ्या केंड्रिक लामारला. आम्हांस हा प्रश्न न्यायाचा वाटतो. १९८७ च्या सुमारास राकिमने ओळीच्या पोटात यमके गुंफण्याची जी रीत रूढ केली, तिच्यावरच पुढील पिढी पोसली. मग ऋणको धनकोहून थोर कसा म्हणावा? तथापि, केवळ आधी आला म्हणून धनकोस थोर ठरविणे, हेही न्याय्य नव्हे. क्रम कधीच निश्चित होणार नाही. परंतु आपल्या आवडीची कारणे देताना प्रतिपक्षाचा कवीही लक्षपूर्वक ऐकावा लागतो, हेच आमच्या मते ह्या वादाचे खरे फळ होय.