मनाचा विषाद आणि दूरस्थ मार्गदर्शन

मुलांचे शिक्षण, घराचे कर्ज, वृद्ध मातापित्यांचे आजारपण अशा अनेक भारांखाली गृहस्थाचे मन वाकून जाते. अशा मनास आज मोबाइलच्या द्वारे साहाय्य मिळू शकते. भारत सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये ‘टेलि-मानस’ सेवा सुरू केली. 14416 या क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत समुपदेशकाशी बोलता येते. इंटरनेटवरील मार्गदर्शित उपचारात क्रमाने पाठ असतात. मनुष्य आपल्या विचारांची नोंद ठेवतो, सांगितलेला अभ्यास करतो आणि समुपदेशक ती नोंद वाचून त्यास उत्तर देतो.

यावर श्रद्धावान गृहस्थ विचारील : आपला उद्धार आपणच करावा, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. मग परक्यापुढे मनाची व्यथा मांडणे हे दौर्बल्य नव्हे काय?

या शंकेचे उत्तर गीतेच्या आरंभीच आहे. पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग. अंगाचा कंप, तोंडास पडलेली कोरड, हातून गळणारे गांडीव, यांतले काहीही त्या वीराने लपविले नाही. व्यथा बोलून दाखविली आणि शिष्यत्व पत्करले, म्हणूनच उपदेशास आरंभ झाला. तथापि भगवंतांनी त्याच्यासाठी बाण सोडले नाहीत. सर्व सांगून झाल्यावर, पूर्ण विचार करून इच्छेस येईल तसे कर, असेच ते म्हणाले. मार्ग दाखविणारा दुसरा असतो. चालणे मात्र स्वतःचेच. मार्गदर्शित उपचारातही अभ्यास ज्याचा त्यालाच करावा लागतो. चंचल मन अभ्यासाने व वैराग्याने वश होते, हे भगवद्वचन येथे बाधित होत नाही.

मार्गदर्शक दूर आहे, ही अडचण खरी. पण ती सर्वस्वी बाधक नाही. संजय तो संवाद व्यासकृपेने ऐकत होता. ती दिव्य शक्ती होती, तिची यंत्राशी तुलना करू नये. परंतु बोध ग्रहण करण्यास सावधान चित्त लागते, एवढे त्यावरून निश्चित समजते.

मर्यादाही ध्यानात ठेवावी. जीव नकोसा वाटू लागला, किंवा झोप, अन्न व नित्य व्यवहार सुटू लागले, तर केवळ पडद्यावर विसंबू नये. घरच्यांना सांगून विनाविलंब वैद्याकडे जावे.

शेवटी हेतूचा प्रश्न उरतो. अर्जुनाचा विषाद गेला तो त्यास स्वस्थ बसता यावे म्हणून नव्हे, तर स्वधर्मास उभे राहता यावे म्हणून. ताण हलका झाल्यावर जो गृहस्थ घरातल्यांशी अधिक मृदू बोलतो आणि आपले कर्तव्य अधिक शांतपणे करतो, त्याचा उपचार सार्थकी लागला असे समजावे.