पावलांना कळते तेही ज्ञानच

ज्याला वेदान्तातला एखादा अवघड सिद्धान्त समजावून सांगता येतो त्याला आपण ज्ञानी म्हणतो. ज्याला उत्तम पोहता, नांगरता किंवा उडी घेता येते त्याला फार तर कुशल म्हणतो. या भेदामागे एक गृहीत दडलेले असते: ज्ञान बुद्धीत राहते आणि शरीर केवळ तिचा हुकूम पाळते, किंवा घोटून घोटून लागलेली सवय चालवते. हे गृहीत मला चुकीचे वाटते. शरीराने कमावलेले कौशल्य हे ज्ञानाचाच एक प्रकार आहे, त्याला ज्ञानाचे सगळे निकष लावता येतात आणि ते त्यांवर उतरते, असे माझे म्हणणे आहे. ते तपासून पाहायला बॅडमिंटनमधल्या फूटवर्कइतके आणि उडीइतके चोख उदाहरण क्वचितच मिळेल.

बॅडमिंटनचे कोर्ट 13.4 मीटर लांब असते आणि एकेरीत 5.18 मीटर रुंद. म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला पुढे-मागे जेमतेम 6.7 मीटर जागा येते. एवढ्याशा जागेत खेळ इतका अवघड होतो, कारण फूल, म्हणजे शटलकॉक, जमिनीवर पडू द्यायचे नसते. टेनिसमध्ये चेंडूच्या एका टप्प्याची सवड मिळते, इथे ती मिळत नाही. भारतीय बॅडमिंटनपटू सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा वेग 2023 मध्ये चाचणीत ताशी 565 किलोमीटर नोंदवला गेला. फुलाची पिसे हवेला इतकी अडतात की हा वेग लगेच ओसरतो, तरीही समोरच्याकडे उरणारा वेळ सेकंदाच्या अंशांतच मोजावा लागतो. दिसलेल्या गोष्टीला शरीराने प्रतिसाद द्यायलाच सुमारे एक पंचमांश सेकंद जातो. म्हणून चांगला खेळाडू प्रतिस्पर्ध्याची रॅकेट फुलाला लागण्याच्या सुमारास जागच्या जागी एक छोटी उडी घेतो. तिला स्प्लिट स्टेप म्हणतात. पाय खांद्याएवढे फाकलेले, भार चवड्यांवर, गुडघे किंचित वाकलेले. जमिनीला पाय टेकतात त्याच क्षणी दिशा कळलेली असावी लागते, म्हणजे उतरण्याचा जोर तसाच पुढच्या धावेत वळवता येतो. ही उडी थोडी लवकर झाली तर शरीर पुन्हा जड होते आणि थोडी उशिरा झाली तर फूल हातचे जाते. तिची वेळ स्वतःच्या तालावर ठरत नाही, समोरच्याच्या हालचालीवरून ठरते. जी क्रिया दुसऱ्याचा हेतू ओळखून आपली वेळ ठरवते, तिला यांत्रिक म्हणणे कठीण आहे.

मागच्या रेषेजवळची उडी आणखी बोलकी आहे. उजव्या हाताने खेळणारा खेळाडू उजव्या पायावर उडतो, हवेत अंग फिरवतो, पायांची अदलाबदल करतो आणि डावा पाय शरीराच्या मागे टेकवून तिथूनच मध्याकडे झेपावतो. बघणाऱ्याचे डोळे स्मॅशवर खिळतात, पण उडीचा कस उतरण्यात लागतो. तोल सावरून पुढचे पाऊल टाकता आले तरच ती उडी चांगली. बॅडमिंटनमधल्या गुडघ्याच्या दुखापतींचा अभ्यास केलेल्या जपानी संशोधकांना पुढच्या अस्थिबंधाच्या इजांमागे एक प्रसंग वारंवार आढळला: मागे सरकत डोक्यावरून फटका मारणे आणि मग एकाच पायावर उतरणे. म्हणून जाणता प्रशिक्षक आधी उतरायला शिकवतो. गुडघा पावलाच्या दिशेतच वाकला पाहिजे, आत कोसळता कामा नये, आघात कंबर, गुडघा आणि घोटा यांनी वाटून घेतला पाहिजे. हे झाले की मग उंची.

आता सवय आणि ज्ञान यांत फरक कसा करायचा? गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाने 1949 मध्ये ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात याची कसोटी सांगितली. सवयीची प्रत्येक कृती मागच्या कृतीची नक्कल असते. बुद्धियुक्त कौशल्यात कर्ता करता करता शिकत जातो आणि प्रत्येक कृती आधीच्या कृतीने सुधारते. कोर्टवर हा फरक उघड दिसतो. फुलाशिवाय केलेल्या शॅडो सरावात कोर्टाचे सहा कोपरे रोज एकाच क्रमाने घेतले, तर पाय तो क्रम तेवढा शिकतात आणि सामन्यात भांबावतात. प्रशिक्षकाने ऐनवेळी बोट दाखवून कोपरा बदलला, तर पायांना निवड करावी लागते. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी 1920 च्या दशकात मॉस्कोतल्या श्रमविषयक संस्थेत हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचाली टिपल्या. हातोडा दर वेळी नेमका ठरल्या जागी पडत होता, पण खांदा, कोपर आणि मनगट यांचा मार्ग दर वेळी थोडा निराळा होता. सराव म्हणजे एक हालचाल गिरवणे नव्हे, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवणे होय, असे त्यांनी यावरून मांडले. पतंजलींनीही योगसूत्रांत अभ्यासासाठी दीर्घकाळ आणि सातत्य एवढ्यावर भागवलेले नाही, तिसरी अट आदराची घातली आहे. ती अट अवधान मागते, आणि नुसत्या घोकंपट्टीत नेमके तेच नसते.

यावर पहिला आक्षेप असा की खेळाडूला आपण काय केले हे धड सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही ते ज्ञान कसले? पण सांगता येणे ही ज्ञानाची एकमेव खूण मानली, तर फूटवर्कवरचे पुस्तक पाठ केलेला माणूस खेळाडूपेक्षा अधिक जाणकार ठरेल, आणि तसे कोणीच मानत नाही. शिवाय प्रशिक्षकाची वाक्ये येतात कुठून? कोणाच्या तरी पायांना आधी जे उमगले, त्याचेच ते शब्दरूप असते. ज्ञानाची खरी खूण ही की त्यात बरोबर आणि चूक असते, ते अनोळखी प्रसंगी लागू पडते आणि कारण दाखवले तर सुधारते. फूटवर्क या तिन्ही बाबतींत खरे उतरते.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. दडपणाखाली खेळाडू आपल्याच पायांकडे लक्ष देऊ लागला की त्याची चाल बिघडते, मग कौशल्य विचाराच्या विरोधातच नाही का? तत्त्वज्ञ ह्यूबर्ट ड्रायफस यांनी दुसरे तत्त्वज्ञ जॉन मॅकडॉवेल यांच्याशी झालेल्या वादात जवळपास हीच बाजू घेतली होती: निष्णात माणूस खेळात रमतो तेव्हा बुद्धी बाजूला झालेली असते. मला इथे दोन गोष्टींची गल्लत दिसते. लक्ष दुसरीकडे असणे आणि विचार नसणे या निराळ्या गोष्टी आहेत. 1980 च्या ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात प्रकाश पदुकोण यांच्यासमोर आधीच्या दोन वर्षांचे विजेते लीम स्वी किंग होते, आणि किंग यांचा उडी घेऊन मारलेला स्मॅश जगभर धाक बसवणारा होता. प्रकाश 15-3, 15-10 असे जिंकले. त्यांची भिस्त ताकदीवर नव्हती, नेटजवळची नजाकत आणि फसवे फटके यांवर होती. त्यांचे लक्ष पावलांवर खिळलेले असते तर हे शक्य नव्हते, आणि त्यांची पावले अडाणी असती तरीही शक्य नव्हते. पायांनी आपला भार स्वतः उचलला, म्हणूनच डाव रचायला मन मोकळे राहिले. सरावात लक्ष पायांवर हवे आणि सामन्यात फुलावर. लक्षाची जागा बदलल्याने ज्ञान नाहीसे होत नाही.

तिसरा आक्षेप आपल्याच परंपरेतला आहे. शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात म्हणतात की ज्ञान वस्तुतंत्र असते आणि क्रिया पुरुषतंत्र. वस्तू जशी आहे तसेच ज्ञान व्हावे लागते, क्रिया मात्र करावी, न करावी किंवा वेगळ्या रीतीने करावी, हे माणसाच्या हाती असते. मग उडी ही क्रियाच नव्हे का? उडी घ्यायची की नाही हे खेळाडूच्या इच्छेवर आहे, हे मान्य. पण फूल कुठे आहे, ते किती वेगाने उतरते आहे, आपला भार कोणत्या पायावर आहे, यांत इच्छेला वाव नाही. पाऊल तिथेच पडले पाहिजे जिथे वस्तुस्थिती मागते. कुशल क्रियेच्या पोटात वस्तुतंत्र असे जाणणे असते आणि त्या जाणण्यावाचून क्रिया फसते. हे ब्रह्मज्ञान नव्हे आणि त्याने मोक्ष मिळत नाही, आचार्यांचा भेद त्यांच्या प्रयोजनापुरता अढळ राहतो. मात्र त्या भेदाच्या आधारावर शरीराच्या कसबाला अज्ञानाच्या खात्यात टाकण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

तो अधिकार आपण दीर्घकाळ गाजवला आहे. हातापायांनी काम करणाऱ्यांना अडाणी आणि पाठांतर करणाऱ्यांना विद्वान ठरवून या समाजाने माणसांची उतरंड रचली. 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी उत्पादक हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवण्याचा आग्रह धरला, तो याच दोषावर बोट ठेवणारा होता. आजही गणिताचा पाठ मागे पडला की शाळेत सर्वांत आधी खेळाचा तास कापला जातो. शरीराला ज्ञान असते हे खरे असेल, तर तो तास कापणे म्हणजे शिक्षणच कापणे आहे. प्रशिक्षकांनीही मुलांना नुसत्या फेऱ्या मारायला लावू नयेत. पाऊल तिथेच का टाकायचे, गुडघा तसाच का वाकवायचा, हे कारणासह सांगावे, आणि मुलाने स्वतः शोधलेल्या उत्तराचा मान राखावा. पालकांनी आणि शिक्षकांनी मैदानावरच्या मुलाकडे अभ्यास टाळणारा म्हणून पाहणे सोडावे. तोही अभ्यासच करतो आहे.