प्रकाशाची साक्ष

फ्लॅशच्या झोतात टिपलेले छायाचित्र कृत्रिम आणि सूर्यप्रकाशात टिपलेले ते सत्य, असा एक समज छायाचित्रणाच्या हौशी मंडळींत रूढ आहे. परंतु साक्षीदाराचा शब्द न् शब्द खरा असूनही न्यायाधीशांपुढे भलतेच चित्र उभे राहते, हे ज्याने न्यायालयात पाहिले आहे, त्याला हा निर्वाळा सहजी पटणार नाही.

आमच्या जोयडा तालुक्यातील एखादे कुणब्याचे घर घ्या. सूर्य क्षितिजालगत असतो तेव्हा त्याचे किरण वातावरणाच्या जाड थरातून येतात. निळा रंग वाटेतच विखुरतो व तांबूस-सोनेरी तेवढा उरतो. त्या उजेडात मातीची भिंत सोन्याची होते आणि तिला गेलेला तडा नक्षीसारखा शोभतो. माध्यान्हीचे ऊन डोळ्यांच्या खोबणींत काळी सावली टाकते, म्हणून जाणकार तेव्हा कॅमेरा पिशवीत ठेवतात. श्रावणातल्या ढगाळ दिवशी सारे आभाळच उजेड गाळून देते आणि सावल्या विरून जातात. सूर्य तोच, आणि खोटे तर त्याने एकदाही सांगितलेले नसते. मात्र त्या घरातील बाई भर दुपारीही तेथेच राबत असते. चित्रात तिच्या वाट्याला केवळ पहाट येते.

देवळात काकडआरतीचे दर्शन निराळे, माध्यान्हपूजेचे निराळे, समईच्या उजेडातले तर अगदीच निराळे. एकदा पाहिले, आता येणे नको, असे कोणी भाविक म्हणत नाही. छायाचित्रकार मात्र एका घटकेचे दर्शन घेतो आणि तेच कायमचे म्हणून जगापुढे ठेवतो. ती घटका त्याने निवडलेली असते. सूर्याकडे बोट दाखवून त्याला त्या निवडीतून सुटता येईल, असे मला वाटत नाही.

हा दोष माझ्या हातूनही घडला आहे. काळी नदीवरील सुपा धरण १९८७ साली पुरे झाले. जुने सुपा गाव जलाशयाखाली गेले आणि तेथील कित्येक कुटुंबे रामनगरास वसविली गेली. त्या जलाशयावरील धुक्यात उगवत्या सूर्याचे मी काढलेले चित्र तेथील एका वृद्ध गृहस्थांस मोठ्या अभिमानाने दाखविले. त्यांनी ते दूर धरून पाहिले, मग डोळ्यांजवळ आणले. फार सुंदर आहे, म्हणाले. नंतर त्या सोनेरी पाण्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "वकीलसाहेब, उन्हाळ्यात, पाणी ओसरल्यावर दुपारचे का नाही काढलेत?"

दुपारी ऊन फार कडक असते, असे मी म्हणालो.