नख फिरवलं होतं

आमच्या सिन्नर तालुक्यात 1984 साली सगळ्या वस्त्यांवर लाईट पोचलेली नव्हती. आबांच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन होतं. फेब्रुवारी महिना, उन्हाळ कांदा गाठ धरायला लागलेला, आणि इंजिन पांढरा धूर सोडायला लागलं. गार करायच्या पाण्यात बुडबुडे दिसायचे. मिस्तरी म्हणाले, "हेडचं पॅकिंग गेलं."

मी तेव्हा चोवीस वर्षांचा. दहावी करून घरीच शेती बघत होतो, आणि काम शिकायचं म्हणून मिस्तरींच्या मागे मागे फिरायचो. पगार नव्हता. चहा, बिडी आणि शिव्या मिळायच्या.

ज्यांनी इंजिन उघडलेलं नाही त्यांना थोडं सांगतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा-सतरा पट आवळली जाते, त्यानेच ती तापते आणि तिच्यात डिझेल पेटतं. हा सगळा दाब सिलिंडर आणि हेड यांच्या मधल्या एका पातळ चकतीने सांभाळायचा. त्याच चकतीतून पाण्याची वाटही जाते. म्हणून हेडचं तोंड आरशासारखं सपाट लागतं. जुनं पॅकिंग खरवडायचं, कार्बन काढायचा, पट्टी उभी धरून खालून उजेड येतो का बघायचं, मग सगळीकडून नख फिरवायचं. डोळ्याला जे दिसत नाही ते नखाला कळतं.

मिस्तरी आबांकडे चहाला गेले. मी हेड मांडीवर घेऊन खरवडत बसलो. लाकडाची चपटी घ्यायला सांगितलं होतं, मी घाईत स्क्रू ड्रायव्हर घेतला. तो सटकला. सिलिंडरच्या कडेपासून पाण्याच्या भोकापर्यंत एक रेघ उमटली. बारीकच. नख फिरवलं तर अडकलं.

शेजारी शेलॅकची बाटली होती. मिस्तरी नेहमी सांगायचे, "शेलॅक चांगल्या तोंडाला लावायची, वाईट तोंड झाकायला न्हाई." मी रेघेत शेलॅक भरली, वरून बोट फिरवलं. रेघ दिसेना. मिस्तरी आले आणि विचारलं, "नख फिरवून पाह्यलं का रं?"

मी म्हणालो, "हो."

चाळीस वर्षं झाली, हा 'हो' मी आतून-बाहेरून तपासतोय. शब्द खोटा नव्हता. नख फिरवलंच होतं. त्यांनी 'अडकलं का' असं विचारलं नाही, यात माझा काय दोष, अशी वकिली मी स्वतःपुढे बरीच वर्षं केली. धर्मराजाने अश्वत्थामा मेल्याचं सांगितलं तेव्हा त्याचा रथ जमिनीला टेकला, असं कीर्तनात ऐकतो. माझं काही टेकलं नाही. मी आधीच जमिनीवर बसलेलो, हातात पाना.

पुढचं सगळं काम मात्र मी जीव ओतून केलं. नवं पॅकिंग, नट समोरासमोरचे, तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळले. इंजिन चालवून गरम केलं, थंड होऊ दिलं, पुन्हा आवळलं, कारण पॅकिंग बसलं की नट ढिले पडतात. इतकं नीट मी एरवी करत नव्हतो. चोरी केलेला माणूस देवळात जास्त वेळ बसतो, त्यातला प्रकार.

नऊ दिवस इंजिन छान चाललं. दहाव्या दिवशी फुसफुस सुरू झाली आणि रात्री बंद पडलं. तापलेला वायू एकदा बारीक वाट धरतो, मग गॅस कटरसारखा ती रुंद करत जातो. शेलॅकची तिथे काय टिकाव.

मिस्तरींनी हेड काढलं. पॅकिंगवर काळी पट्टी, बरोब्बर त्या जागी. त्यांनी हेडवरून नख फिरवलं, थांबले, परत फिरवलं. माझ्याकडे बघितलं नाही. आबांना म्हणाले, "चूक माझी झाली. मजुरी नको, पॅकिंगही माझ्याकडून." हेड लेथवर फेसिंगला गेलं. त्यात पाच दिवस गेले. कांदा पोसायच्या वेळेलाच पाणी तुटलं. निम्म्याहून जास्त माल गोल्टी निघाला. आबांनी त्या वर्षी मुलीचं लग्न पुढे ढकललं. कारण फक्त कांदा नव्हता म्हणतात, पण मला ते पटवून घेता येत नाही.

आबांनी पुन्हा मिस्तरींना बोलावलं नाही. त्या बाजूच्या आणखी दोन वस्त्यांनीही नाही.

मिस्तरी मला एका शब्दाने बोलले नाहीत. पूर्वी मला वाटायचं, किती मोठं मन. आता माझ्याकडे शिकायला येणारी पोरं बघतो तेव्हा शंका येते. त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली असती तर मी दुसऱ्याच दिवशी आबांकडे गेलो असतो बहुतेक. त्यांनी झाकलं, म्हणून मीही झाकून राहिलो. पण हेही दोष त्यांच्यावर ढकलणंच झालं. माझं तोंड त्यांनी धरलं नव्हतं.

मिस्तरी जाऊन बारा वर्षं झाली, आबा त्याआधीच गेले. आबांचा मुलगा पारावर कधीमधी तो किस्सा सांगतो, 'मिस्तरीनं इंजिन बसवलं अन् कांदा बसला'. लोक हसतात. मी चहा पितो.

गेल्या महिन्यात त्याने परत सांगितला. मी म्हणालो, "मिस्तरींची चूक नव्हती. हेडला रेघ मी पाडली. शेलॅक भरून लपवली."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग हसला. "काका, ऱ्हाऊ द्या. तुम्ही मिस्तरीचे लाडके. मेलेल्या माणसाचं तुम्ही आपल्या अंगावर घेता, आम्हाला कळत न्हाई व्हय?"

मी शपथ घेतली. शेजारच्यांनी मान डोलावली, गुरू असावा तर असा आणि चेला असावा तर असा म्हणाले. माझाच मान वाढला. ते जळकं पॅकिंग मिस्तरींच्या घरून मी मागून आणलं होतं, अजून कोठीत खिळ्याला आहे. ते आणून दाखवावं असं मनात आलं. पण काळी पट्टी कोणामुळे पडली, ते त्यावरून कसं कळणार?

आबांच्या मुलाने माझ्यासाठी अजून एक चहा सांगितला.